रक्तातील रेघ आणि जातीचा शिक्का

कुंभारीच्या परिसरात विडी वळणाऱ्या बाईला थकवा आला की 'रक्त कमी आहे' एवढेच सांगितले जाते आणि लोहाच्या गोळ्या हातात पडतात. पुष्कळजणींना त्या लागूही पडतात. परंतु रक्त कमी असणे आणि रक्तातील प्रथिनच वेगळे असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरी गोष्ट ओळखण्याची रीत म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. ती आपण समजून घेतली पाहिजे, कारण अशा तपासणीच्या अर्धवट निकालावर आपल्याकडे सोयरिकी मोडतात.

१९४९ साली अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. पुढे इन्ग्रॅम यांनी कारण शोधले: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून अल्कधर्मी माध्यमात नेहमीचे 'ए' हिमोग्लोबिन धनाग्राकडे पुढे जाते, आणि 'एस' मागे रेंगाळते. फरक एवढाच.

आता आपल्याकडचे पाहू. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. विदर्भातील महार समाजात हे हिमोग्लोबिन आढळले आणि 'महारांचा रोग' म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. रोगालाही जात चिकटवल्याशिवाय आपल्या समाजाला चैन पडत नाही! वास्तविक ते गोंड, भिल्ल, पावरा यांच्यात आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, अरबस्तानातही आहे. जिथे घातक हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे वाहकाला त्यापासून संरक्षण मिळाले, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्येच मांडले होते. म्हणजे प्रश्न डासांचा आणि दलदलीचा. शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नव्हे.

तंत्र सुधारण्याचे महत्त्व इथेच आहे. वस्तीत होणारी झटपट विद्राव्यता चाचणी 'एस' आहे एवढेच सांगते. माणूस वाहक की रोगी, हे सांगत नाही. वाहकाच्या पट्टीवर 'ए' आणि 'एस' अशा दोन रेघा दिसतात, 'ए' अधिक. तो सहसा निरोगी असतो. रोग्यात 'ए' नसते, 'एस'बरोबर गर्भावस्थेतले 'एफ' असते. पण सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर 'डी' हे दुसरे हिमोग्लोबिनही नेमके 'एस'च्याच जागी येऊन बसते. 'डी' पंजाबकडे अधिक, आणि वाहकात ते निरुपद्रवी. त्यासाठी तोच नमुना आम्लधर्मी सायट्रेट अगारवर पुन्हा चालवावा लागतो. तिथे 'एस' वेगळे पडते आणि 'डी' हे 'ए'सोबत जाते. आज एचपीएलसी यंत्रे प्रमाणही मोजून देतात. तरीही 'एस'सोबत बीटा थॅलेसेमिया असेल तर चित्र रोग्यासारखेच दिसू शकते. तेव्हा आईबापांचेही रक्त तपासावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. आकडा मोठा आहे. मला चिंता आहे ती पहिल्या चाचणीनंतर 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द घेऊन घरी परतणाऱ्या मुलीची. ती वाहक असेल आणि नवरा वाहक नसेल, तर त्यांच्या मुलांना हा रोग होत नाही, मात्र नवऱ्याला बीटा थॅलेसेमियासारखा दुसरा दोषही नसावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. म्हणून नवऱ्या मुलाचेही रक्त तपासा, आणि कागदावर कोणते हिमोग्लोबिन, किती टक्के, हे लिहून मागा.