मिस्त्री गावात टिकावा म्हणून



आपल्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे त्याची दारे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी असतात. ती खाली आली, पाणी अडले, की नदीकाठच्या मोटारी सुरू होतात. अशा दिवसांत मोटार जळाली तर? ती काढायची, गाडीत घालून धर्माबादला न्यायची आणि नंबर लागेस्तोवर थांबायचे. पाणी नदीत राहते आणि इकडे हरभऱ्याचे घाटे भरत नाहीत. मिस्त्री गावात असता तर हा खोळंबा टळला असता.

"खेड्यात कोण राहतो?" असे आपण म्हणतो. पूर्वी राहत होते. सुतार-लोहाराला खळ्यावर बलुते मिळे. वर्षाचे धान्य ठरलेले, म्हणून औत मोडले की सुतार हजर. पण त्यात मोठी खोटही होती. काम जातीला बांधलेले आणि दाम गावाच्या मर्जीवर. ती पद्धत परत नको. तिच्यातली आगाऊ हमी तेवढी घ्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. औंधच्या राजांनी जागा दिली, कर्जही दिले. कामगारांसाठी तिथे वसाहत उभी राहिली, म्हणून कारागीर माळावरही टिकले. तीच आजची किर्लोस्करवाडी.

आपण काय करावे?

1. गावातल्या मोटारी मोजा. समजा, 40 जणांनी वर्षाच्या तपासणीचे 600 रुपये आगाऊ भरले, तर 24,000 रुपये जमतात. दुरुस्तीचा खर्च वेगळा.

2. ग्रामसभेत ठराव करून नियमाप्रमाणे गाळा भाड्याने द्या. विजेचे मीटर आधी बसवा.

3. राहायला घर बघून ठेवा, मुलांचे नाव शाळेत घालायला मदत करा. एकटा माणूस टिकत नाही, बिऱ्हाड टिकते.

4. दर आणि किती वेळात यायचे ते कागदावर लिहा. सोडायचे झाल्यास दोघांनीही महिनाभर आधी सांगावे.

5. उधारी ठेवू नका. सोयाबीनचे पैसे आल्यावर देतो म्हणून वर्ष काढले, तर मिस्त्री कशाला थांबेल?

6. आयटीआय शिकलेला मुलगा गावातच असेल, तर आधी त्याला विचारा. जात विचारू नका, हात बघा.

बैठक दिवाळीआधी घ्या. मोटार जळाल्यावर मिस्त्री शोधण्यात अर्थ नाही.