घाट उतरताना ट्रेलर

चाकणच्या कारखान्यांतला माल घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला ट्रेलर बोरघाटात येतो. चढावर इंजिनाचा कस लागतो, हे आपण जाणतोच. पण खरी कसोटी उतारावर असते. कशी, ते पाहू.

मालासह ट्रेलरचे वस्तुमान ४० टन आणि उतार ५०० मीटर धरू. गुरुत्वत्वरण १० घेतल्यास स्थितिज ऊर्जा २० कोटी ज्यूलने घटते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर या सर्व ऊर्जेची उष्णता व्हायला हवी. तेवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअसचे सुमारे ६०० लिटर पाणी उकळीला येईल! हवेचा व चाकांचा रोध थोडा वाटा उचलतो. उरलेला सगळा ब्रेकवर टाकला, तर अस्तरे तापून घर्षण घटते आणि ब्रेक लागेनासे होतात.

म्हणून चालक खालचा गिअर टाकतो. आता चाकेच इंजिन फिरवतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. पेट्रोल इंजिनात हवेची झडप मिटल्यामुळे हा रोध चांगला मिळतो. डिझेल इंजिनात तो कमी पडतो. म्हणून धुराच्या नळीत झडप बसवून ती मिटतात. हाच एक्झॉस्ट ब्रेक.

डिझेल वाचवायला काही जण घाटात गाडी न्यूट्रल करतात. तेव्हा इंजिनाचा आधार तुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

वर्गात सायकल स्टँडवर लावून, ब्रेक हलका दाबून पेडल फिरवावे. चाक थांबल्यावर ब्रेकच्या रबराला बोट लावले, की उरलेले विद्यार्थीच सांगतील.