राष्ट्रपतींची निवडणूक आणि न्यायालयाचें दार



राष्ट्रपतींच्या निवडणुकीविषयीं शंका आली, तर ती सर्वोच्च न्यायालयापुढें नेण्याचा अधिकार कोणास? त्या निवडणुकीसंबंधींच्या सर्व शंका व वाद यांचा निर्णय हेंच न्यायालय करील, असें घटनेचें 71 वें कलम सांगतें. परंतु निवडणुकीचें नियमन करण्याची सत्ता त्याच कलमानें संसदेसही दिली. आणि 1952 च्या कायद्यानें अर्ज करण्याचा हक्क केवळ उमेदवारास, किंवा एकत्र आलेल्या दहा मतदारांस ठेविला. येथें मतदार म्हणजे आपण नव्हे. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सभासद.

ह्या मर्यादेस आव्हान दिलें तें एका मराठी गृहस्थानें. डॉ. नारायण भास्कर खरे हे 1937-38 मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान होते व पुढें हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. 1957 सालीं हिमाचल प्रदेश व पंजाब येथील कांहीं निवडणुका व्हावयाच्या राहिल्या होत्या. मतदारमंडळ अपुरें असतां राष्ट्रपति निवडणें अवैध, असें म्हणून ते न्यायालयांत गेले. उत्तर मिळालें: निवडणूक आधीं पुरी होऊं द्या. ती पुरी झाली, डॉ. राजेंद्रप्रसाद निवडून आले, आणि डॉ. खरे पुन्हां गेले. आतां अडचण ही कीं, ते उमेदवार नव्हते! तेव्हां त्यांनीं कायद्यावरच बोट ठेविलें. घटना 'सर्व' वाद म्हणते, तर संसदेनें दार अरुंद कां करावें? न्यायालयानें आपल्या प्रसिद्ध निकालांत हें मानलें नाहीं. निवडणुकीस आव्हान देणें हा उपजत हक्क नसून कायद्यानें दिलेला आहे. कायदा देईल तेवढाच तो मिळावयाचा.

हौशी अर्जदारांचा सुळसुळाट होऊं नये, हा हेतु समजण्याजोगा आहे. तरी अपुऱ्या मतदारमंडळाचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला, हें मला खटकतें. 1961 च्या अकराव्या घटनादुरुस्तीनें तो वादाचा विषयच उरूं दिला नाहीं.

दार उघडलें म्हणजे काय होतें, तें श्री. गिरि यांच्या 1969 च्या निवडणुकीवरील खटल्यांत दिसलें: पदावरील राष्ट्रपतींनीं स्वतः साक्ष दिली. 1975 च्या एकोणचाळिसाव्या दुरुस्तीनें तर हा अधिकार न्यायालयाकडून काढूनच घेतला. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें तो परत आला.

आज दहांच्या जागीं वीस मतदार लागतात. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे विधानसभा-सभासद पांच. 2022 च्या निवडणुकींत महाराष्ट्रांतील प्रत्येक आमदाराच्या मताचें मूल्य 175 होतें. परंतु हे पांचही जण एकमतानें दिल्लीस गेले, तरी आणखी पंधरा सह्या हव्यात, आणि त्याही निकालानंतर तीस दिवसांच्या आंत.