लाखीश: वेढ्याची खूण जपणारे टेकाड

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे 40 किलोमीटरवर, आजच्या इस्रायलमध्ये, लाखीशचे पांढरीचे टेकाड आहे. एकावर एक वसलेल्या आणि जळालेल्या नगरांच्या थरांनी ते उंच झाले. यहूदाच्या राज्यात जेरुसलेमखालोखाल मान याच नगराचा.

त्याआधी ते कनानी लोकांचे होते. 2016 मध्ये येथे बोटभर लांबीचीही नसलेली हस्तिदंती फणी सापडली. एका बाजूच्या जाड दातांनी गुंता सोडवायचा, दुसऱ्या बाजूच्या बारीक दातांनी उवा-लिखा काढायच्या. तिच्यावर कनानी लिपीत केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात, अशी इच्छा कोरली आहे. वर्णाक्षरांत लिहिलेले, आजवर वाचता आलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते.

लाखीशचे नाव राहिले ते मात्र वेढ्यामुळे. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला आणि त्याने लाखीशला वेढा घालून ते जिंकले. यहूदाच्या हिज्कीया राजाने त्याला लाखीश येथे शरणागतीचा निरोप पाठवल्याचे बायबल सांगते. सन्हेरीबाने लाखीशवरचा हा विजय निनवेच्या आपल्या राजवाड्यात दगडात कोरून घेतला. ती शिल्पे आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तट फोडायची यंत्रे, वरून फेकलेल्या मशाली आणि बैलगाड्यांत संसार भरून निघालेली कुटुंबे त्यांत दिसतात. विजेत्याच्या गौरवासाठी कोरलेल्या पटात मन अडकते ते या बायका-मुलांपाशी. यंत्रे चढवण्यासाठी रचलेला दगडांचा उतार टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आजही उभा आहे. तटाच्या आतल्या बाजूने लाखीशकरांनी घातलेला भरावही उत्खननात सापडला. ग्रंथ, शिल्प आणि माती एकाच घटनेची साक्ष देतात, असे प्राचीन इतिहासात फार क्वचित घडते.

नगर पुन्हा उभे राहिले आणि सुमारे इ.स.पू. 587 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने जाळले. त्या अखेरच्या काळातली, खापरांवर शाईने लिहिलेली हिब्रू पत्रे पुरातत्त्वज्ञ जेम्स स्टार्की यांना 1935 मध्ये वेशीजवळच्या खोलीत मिळाली. आपण लाखीशच्या जाळाच्या खुणांवर लक्ष ठेवून आहोत, अजेका नगर दिसत नाही, असे एका पत्रात कळवले आहे. बाबेलपुढे टिकून राहिलेली शेवटची तटबंदीची नगरे म्हणून बायबलमधला संदेष्टा यिर्मया हीच दोन नावे घेतो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहूदींपैकी काही जण पुढे लाखीशला वसले. पर्शियन अंमलात तेथे वाडा आणि देऊळही होते. नंतर वस्ती उठली.