रेंज नसलेल्या गावात ऑनलाइन कोर्स चालतो का? चालतो, पण तो तसा बांधलेला पाहिजे

वाई : २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी पुतणी कॉलेजच्या तासाला घरामागच्या टेकावर जाऊन बसायची. तास सव्वा तासाचा. मध्येच लिंक तुटली की त्या दिवसाचा विषय गेलाच. शिकवणारे सर मन लावून शिकवायचे, पण फळ्यावरचा तास उचलून जसाच्या तसा मोबाईलवर ठेवला होता. त्याला ऑनलाइन कोर्स म्हणत नाहीत.

केंद्र सरकारचं 'स्वयम्' पोर्टल २०१७ साली सुरू झालं. तिथल्या कोर्सचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चाचण्या आणि शंका विचारायची जागा. धोम-बलकवडीकडच्या पोरांना यातला मजकूर सगळ्यात कामाचा. चार पानांना डेटा लागतो कितीसा? एकदा उतरवून घेतली की रेंज असो-नसो, वाचता येतात. वाईतच तयार झालेला मराठी विश्वकोशसुद्धा आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. प्राध्यापकांनी त्यातल्या नोंदी पोरांना वाचायला दिल्या तर निम्मं काम होईल. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करूनच द्यावेत.

कोर्स बांधताना सुरुवात शेवटाकडून करायची. आपण आडसाली की सुरू हे ठरवूनच उसाची लागण करतो ना, तसंच. शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते आधी लिहायचं, मग त्याची चाचणी काढायची आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. दर आठवड्याला एक छोटी चाचणी आणि तिची ठरलेली तारीख हवीच. तारीख नसली की पोरं 'नंतर बघू' म्हणतात आणि कोर्स अर्ध्यावर सुटतो. शंकेला दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा कोणी विचारत नाही.

आता पोरांसाठी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात. पण तुमच्या कॉलेजला तो कोर्स मान्य आहे का, हे नाव नोंदवण्याआधीच विचारा, जमलं तर लेखी घ्या. बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत, तेव्हा पहिला व्हिडिओ बघून मगच ठरवा. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. परीक्षेचा अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो, त्याला फी असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. कोर्स पूर्ण केला पण परीक्षेचा अर्ज राहिला, तर सर्टिफिकेट मिळत नाही. अर्जाची शेवटची तारीख आजच मोबाईलमध्ये लावून ठेवा.