खेळ रचताना : दम आधी तुटला की गडी आधी शिवला?

मागच्या आठवड्यात आपण मैदान आखलं आणि चढाईपटू मध्यरेषेवर उभा केला. आज त्याला हलवायचं आहे. कबड्डीच का, असं काहींनी विचारलं. आता अमरावतीत बसून दुसरा कोणता खेळ निवडायचा? १९१४ साली स्थापन झालेल्या इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. शिवाय कीबोर्डबद्दल आज जे सांगायचं आहे, ते या खेळाच्या नियमातच दडलेलं आहे.

आपल्या खेळात बाणांनी चढाईपटू फिरतो, स्पेसबार दाबून धरला की दम चालू राहतो आणि एक्स दाबला की गडी शिवायला हात पुढे जातो. नवखा प्रोग्रामर दर फ्रेमला कीबोर्डला विचारतो, एक्स आत्ता दाबलेलं आहे का? सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दोन प्रश्नांमध्ये साधारण १६.७ मिलिसेकंद जातात. एरवी तेवढ्यावर भागतं. पण शिट्टीची ध्वनिफाइल उघडताना खेळ पाव सेकंद अडखळला, तर तेवढ्यात एक्स दाबून सुटलेलंही असतं. मग उत्तर येतं, ‘नाही’. खेळणारा ओरडतो, “अबे, म्या दाबलं होतं ना!” आणि त्याचं बरोबर असतं.

एक्स दाबल्याची नोंद हरवलेली नसते. आपण वापरतो ते पायगेम, म्हणजे पायथॉनमध्ये खेळ रचायचं साधन, ज्या एसडीएल नावाच्या साधनावर उभं आहे, ते की खाली गेल्याची आणि वर आल्याची प्रत्येक घटना आली त्या क्रमाने रांगेत लावतं. एसडीएल २ च्या रांगेत ६५,५३५ घटना मावतात, म्हणजे आपल्या दहा बोटांना काळजी नाही. फ्रेमच्या सुरुवातीला इव्हेंट.गेट म्हणायचं, रांग रिकामी करायची आणि एकेक घटना हाताळायची.

बाणांसाठी मात्र ‘आत्ता दाबलेलं आहे का’ हाच प्रश्न योग्य. बोट बाणावर आहे तोवर चढाईपटू पळत राहावा, एवढंच हवं असतं. दमालाही तेच लागू, असं वाटेल. इथेच खरी गंमत आहे. समजा, एकाच फ्रेममध्ये एक्स दाबलं गेलं आणि स्पेसबारही सुटला. स्थिती पाहिली तर एवढंच कळतं की दम आता चालू नाही. पण खऱ्या कबड्डीत शिवल्यावर दम न तोडता परतावंही लागतं, ते तूर्त बाजूला ठेवू; आपल्या खेळात आधी शिवला आणि मग दम तुटला, तर गडी बाद. आधी दम तुटला, तर चढाईपटूच बाद. पंच जे बघतो, ते फक्त रांगच सांगू शकते. म्हणून दम सुटण्याची घटना रांगेतूनच घ्या, आणि चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ रांग हाताळून झाल्यावर तपासा; नाहीतर शेवटच्या क्षणाचा स्पर्श फुकट जाईल.

हमखास होणारा घोळ असा: चढाईपटूच्या फंक्शनमध्ये एकदा इव्हेंट.गेट आणि गुणफलकाच्या फंक्शनमध्ये पुन्हा एकदा. पहिल्याने सगळ्या घटना उचलल्या की दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कधी पॉजचं बटण चालतं, कधी नाही, आणि माणूस कीबोर्डला शिव्या घालत बसतो. रांग एकाच ठिकाणी उपसा आणि तिथून घटना ज्याच्या त्याच्याकडे पाठवा. ती उपसलीच नाही, तर थोड्या वेळाने विंडोज तुमची खिडकी प्रतिसाद देत नसल्याचं जाहीर करतं. दाबलेल्या कीची स्थितीही ताजी होत नाही, कारण तीही घटना गोळा करतानाच ठरते.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. बऱ्याच संगणकांवर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि के दाबलं की ‘क’ उमटतो. त्यामुळे एक्स ओळखायला उमटलेलं अक्षर तपासू नका. कीची कीबोर्डवरची जागा सांगणारा स्कॅनकोड वापरा. अक्षरं लागतील ती खेळाडूचं नाव लिहून घेताना, आणि तिथे काना-मात्रा जुळवून देणारी मजकुराची घटना वेगळी येते. ती पुढच्या आठवड्यात.