ऐंशीला गप्प, शंभरला थरथर

जालना एमआयडीसीतून गाडी काढायची, निधोन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढायचं आणि मुंबईकडे तोंड करायचं. साठ, सत्तर, ऐंशी. स्टिअरिंग कसं लोण्यासारखं. पंच्याण्णवला तळहाताला मुंग्या येतात. शंभर-एकशे दहाला स्टिअरिंग उघड थरथरायला लागतं. एकशे वीसला पोचलं की थरथर पुन्हा निम्म्यावर.

गाडी तीच, चाकं तीच. मग हा खेळ फक्त ठरावीक वेगालाच का? उत्तर फार रंजक आहे. आणि ते माहीत असलं की गॅरेजात उगाच जाणारे हजारो रुपये वाचतात.

आधी रस्त्याचं श्रेय रस्त्याला देऊ. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जालनेकरांना दाराशीच 120 ची वेगमर्यादा असलेला सरळसोट रस्ता मिळाला. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर 701 किलोमीटर पूर्ण झाले. समृद्धीच्या आधी आपल्याकडे गाडी सलग अर्धा तास शंभरवर धावायची तरी कुठे? चाकातला जो दोष गावात कधी कळलाच नसता, तो आता दहा मिनिटांत हातात येतो. स्पोर्ट्स कारमध्ये तर जास्तच. तिचे टायर रुंद आणि बुटके, सस्पेन्शनचे बुश कडक, स्टिअरिंग चपळ. रस्ता नीट कळावा म्हणूनच ती अशी बनवलेली असते, त्यामुळे चाकाची बारीकसारीक तक्रारही ती थेट चालवणाऱ्याच्या हातात आणून ठेवते.

वीस ग्रॅमचा पाच किलोंचा धक्का

दहा रुपयांची तीन नाणी हातात घ्या. वजन पंचवीस ग्रॅमही भरत नाही. आता वीस इंची रिमच्या कडेला एकाच बाजूला वीस ग्रॅम जास्त आहेत असं धरा. 120 च्या वेगाला हे चाक सेकंदाला पंधरा-सोळा वेळा फिरतं आणि ते वीस ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात चाकाला जवळपास पाच किलोंच्या जोराने बाहेर खेचतात. साठच्या वेगाला हाच जोर सव्वा किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

पण मग एकशे वीसला थरथर कमी का होते? झोका आठवा. झोक्याला जोरात ढकलून तो उंच जात नाही, वेळेवर ढकललं की जातो. पुढचं चाक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग मिळून एक झोकाच असतो आणि त्याचीही स्वतःची लय असते. बहुतेक गाड्यांत ती सेकंदाला दहा ते सोळा हेलकाव्यांच्या आसपास असते. चाकाचे फेरे या लयीशी जुळले की एवढ्याशा धक्क्याने सगळं डोलायला लागतं. वेग वाढला, ताल चुकला, झोका मंदावला. म्हणून मेकॅनिकला ‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढंच सांगून भागत नाही. कितीला सुरू होते आणि कितीला कमी होते, हे दोन आकडे सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

काळ्या मातीचा पापुद्रा

मागच्या पावसाळ्यात एमआयडीसीजवळच्या एका टायरच्या दुकानात पाहिलेला प्रसंग. लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी लिफ्टवर होती. मालक वैतागलेले. तीन वेळा अलायमेंट करून झाली होती, दोन टायरही बदलले होते, तरी शंभरला स्टिअरिंग नाचतच होतं. दुकानातल्या पोराने मोबाइलचा टॉर्च लावला, रिमच्या काड्यांमधून आत डोकावला आणि म्हणाला, “शेठ, हे बघा.”

रिमच्या आतल्या बाजूला, बाहेरून अजिबात दिसणार नाही अशा ठिकाणी, तळहाताएवढा काळा पापुद्रा चिकटला होता. वाळून दगड झालेली आपली काळी माती. पोराने जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घेतला, रिमला ओरखडा जाऊ न देता हलक्या हाताने ती खरवडली. सगळा भुगा कागदात गोळा केला आणि शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. साठ ग्रॅम! वर सांगितलेल्या वीस ग्रॅमच्या हिशेबाला तिप्पट करा, म्हणजे समृद्धीवर त्या हातांना काय सोसावं लागलं असेल ते कळेल.

मराठवाड्याची ही माती ओली असताना चपलेला किलो किलो चिकटते, वाळली की भेगा पडतात आणि खड्यासारखी घट्ट होते. पावसाळ्यात शेताच्या, प्लॉटच्या कडेला गाडी उतरवली, चाकं आतून न धुता दोन दिवस उन्हात उभी केली की काम झालंच. हा दोष मुंबईच्या पुस्तकात पहिल्या पानावर नसेल, पण जालन्यात तो पहिल्या पानावरच हवा.

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या फिटरला हे शिकवावं लागत नाही. भट्टीचा धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते, थर जाड होतो, एखाद्या पात्यावरचा पापुद्रा निखळतो आणि पंखा फाउंडेशनसकट हादरायला लागतो. फिटर आधी पाती साफ करतो, मग वजन लावायचं बोलतो. सळईच्या या गावाने मोटारीच्या चाकालाही तोच नियम लावावा. आधी धुवा, मग मोजा. फक्त लांबून दामटून आल्या आल्या पाइप सोडू नका. तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी बरं नव्हे, तिला निवू द्या.

हातात की बुडाखाली?

स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकात. सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागच्या.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका, डिस्क बघा. आपल्याकडे लगेच ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण ती खरोखर वाकलेली क्वचितच असते. बहुधा ती कुठे किंचित जाड, कुठे किंचित पातळ झालेली असते किंवा पॅडचं मटेरियल तिच्यावर डागासारखं बसलेलं असतं. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. डोक्याच्या केसाहून कमी जाडीचा फरक पायाला आणि हाताला कळतो, ही माणसाच्या स्पर्शाची कमालच आहे.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर आणि पाय काढताच बंद? मग ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटकडे किंवा इंजिनच्या माउंटिंगकडे बघायला सांगा. पाय काढला, गाडी नुसती घरंगळतेय आणि तरी थरथर तशीच, तर इंजिन निर्दोष आहे, चाकंच बघायची.

आणि रस्ता? समृद्धी काँक्रीटची. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात, साधारण साडेचार मीटरवर. 120 ला सेकंदाला सात-आठ सांधे चाकाखालून जातात आणि बुटक्या टायरला ते कळतात. खाली उतरून त्याच वेगाच्या जवळपास, मर्यादेत राहून, चांगल्या डांबरी रस्त्यावर चालवून बघा. थरथर गायब झाली तर गाडीला हातही लावू नका.

अलायमेंटचा काय संबंध?

जवळजवळ काहीच नाही. हे ठळक लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. अलायमेंट म्हणजे चाकांची दिशा आणि कल. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर हा फिरण्यातला दोष आहे आणि त्याचा इलाज बॅलन्सिंग. वाकड्या अलायमेंटवर टायर महिनोन् महिने वेडावाकडा झिजला तर मग तो थरथरतो हे खरं, पण तेव्हाही नुसती अलायमेंट करून झिजलेला टायर पुन्हा गोल होत नाही. स्टिअरिंग थरथरतं म्हटल्याबरोबर गाडी थेट अलायमेंटच्या रॅम्पवर चढवली, तर ‘आधी बॅलन्सिंग बघा’ असं आपणच म्हणायचं.

टायरवरचे ठिपके

नव्या टायरच्या बाजूवर बरेचदा पिवळा किंवा लाल ठिपका असतो. रंगाची खूण म्हणून लोक पुसून टाकतात. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सर्वांत हलकी जागा. ती रिमच्या व्हॉल्व्हशी जुळवून बसवली की बॅलन्सिंगला कमी वजन लागतं, कारण व्हॉल्व्हची बाजू थोडी जड असते. टायरच्या आत हवेचा दाब सांगणारा सेन्सर असेल तर आणखी जड, तो एकटाच तीस ग्रॅमच्या आसपास भरतो. लाल ठिपका सांगतो की इथे टायर जरा जास्त उंच किंवा जास्त ताठ आहे.

हा ताठपणाच अनेकदा खरा चोर असतो. मशीनवर चाक हवेत फिरतं, तिथे आकडा शून्य येतो. रस्त्यावर मात्र त्याच्यावर गाडीचं ओझं असतं आणि टायर एका जागी मऊ, एका जागी कडक असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठेच लागते. त्यासाठी रोड फोर्स बॅलन्सिंगचं मशीन असतं. त्यात एक जाड रोलर फिरत्या चाकावर काहीशे किलोंच्या जोराने दाबतात. बॅलन्सिंग दोनदा होऊनही थरथर राहिली तर असं मशीन असलेलं दुकान शोधा, मग भले त्यासाठी संभाजीनगर गाठावं लागो.

आठ मिलिमीटरची पोकळी

जालन्याहून संभाजीनगरकडे जाताना शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो, 2001 पासूनचा. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांच्या हबचा व्यास 57.1 मिलिमीटर. बाजारातल्या पुष्कळ अलॉय रिमचं मधलं भोक 73.1 मिलिमीटर, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. चारी बाजूंनी आठ आठ मिलिमीटरची पोकळी! ती भरायला हबरिंग नावाची चकती मिळते, अगदी स्वस्त. ती न बसवता नुसत्या नट-बोल्टवर रिम आवळली की चाक केसभर बाजूला बसतं आणि वेगात ते कळतं. हौसेने रिम बदलणाऱ्या प्रत्येकाने दुकानात हा एक प्रश्न विचारावा.

नट आवळायचीही रीत आहे. एकामागून एक गोल नाही, समोरासमोरचे, चांदणीसारखे. शेवटचा पीळ एअर गनने नाही, टॉर्क रेंचने. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. आवळण्याआधी हबचा चेहरा पुसून घ्या. गंजाचा पापुद्रा किंवा मिलच्या रस्त्यावरचा लोखंडाचा कण मध्ये अडकला तरी चाक तिरकं बसतं.

पुढचं मागे करता येत नाही

साध्या गाडीत सोपी युक्ती असते. पुढची चाकं मागे टाकायची. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच, हे पक्कं. स्पोर्ट्स कारमध्ये ही युक्ती बरेचदा चालत नाही. पोर्श 911 कॅरेरा एसला पुढे वीस इंची, 245 रुंदीचे टायर आणि मागे एकवीस इंची, 305 चे. मागचं चाक पुढे बसणारच नाही. शिवाय काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांची डावी-उजवी बाजूही बदलता येत नाही. मग एकेक चाक काढून मशीनवर फिरवून बघणं हाच मार्ग. फिरत्या रिमच्या आतल्या कडेजवळ बोट न लावता पेन स्थिर धरला, तर रिम वाकलेली असल्यास पेन आणि रिममधली फट कमीजास्त होताना डोळ्यांनाच दिसते. खड्ड्यात आदळलेली रिम बहुधा आतल्या बाजूलाच वाकते आणि बाहेरून चकाचक दिसते.

हौसेची गाडी महिना महिना झाकून ठेवली की टायर जमिनीवर टेकलेल्या जागी चपटा होतो. निघाल्यावर पहिली काही किलोमीटर थडथड, टायर तापला की पुन्हा गोल. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थरथर आपोआप गेली तर घाबरू नका. उभ्या गाडीच्या टायरमध्ये हवा योग्य ठेवा आणि आठवड्यातून एकदा तिला हातभर पुढे-मागे सरकवा.

स्टिअरिंगच्या थरथरीला इंग्रजीत ‘शिमी’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत खांदे हलवून करायचा एक नाच गाजत होता, त्याचं हे नाव. तेव्हाच्या मोटारींची पुढची चाकं तशीच नाचायची.

थरथर महिन्यांपासून तेवढीच असेल तर सवडीने दाखवा. पण काल नव्हती आणि आज एकदम आली, किंवा चालता चालता वाढत गेली, तर ती वेगळी गोष्ट आहे. नट सैल झाला असेल किंवा टायर आतून फाटत असेल. वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर देऊन कडेला घ्या, ब्रेक करकचून दाबू नका. रस्त्याच्या बाजूच्या दाराने उतरू नका. नट बघा, टायरच्या बाजूवर, जमेल तेवढं आतूनही, बघा. कुठे अंडं ठेवल्यासारखा फुगा दिसला तर तो टायर संपला. त्याच्यावर पुढे जाऊ नका, तिथेच स्टेपनी लावा किंवा मदत मागवा. आणि हाच फुगा घरून निघताना दिसला, तर त्या दिवशी निधोन्याच्या रॅम्पवर चढूच नका.